मालक नसलेल्यांचा मेडिक्लेम

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी तीन गोष्टी परत केल्या: लॅपटॉप, गळ्यातलं ओळखपत्र आणि घरातल्या चौघांचा विमा. पहिल्या दोन्हींची पोच मिळाली, सहीशिक्क्यासकट. तिसरी कुणी मागून घेतली नाही, ती त्या रात्री आपोआप संपली. पंधरा दिवसांनी बाबांना तपासणीला नेताना सवयीनं ते कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मग आठवलं की आता त्याचा उपयोग फार तर पुस्तकात खूण म्हणून.

घरी बसून भाषांतर आणि मुद्रितशोधन करायचं हे मी वर्षभर विचार करून ठरवलं होतं. वहीत हिशेब मांडला होता. त्यात इंटरनेटचं बिल होतं, नवा चष्मा होता, विमा नव्हता. इतकी वर्षं तो पगारासोबत येत होता, त्यामुळे तो विकत घ्यायची वस्तू आहे हेच डोक्यात नव्हतं. नवऱ्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. म्हणजे आता घरात ‘मालक’ असलेलं कुणी उरलं नाही आणि ज्याला मालक नाही त्याला विमा कसा मिळतो, याचं शिक्षण सुरू झालं.

कंपनीच्या फॉर्मवर चार नावं आणि चार जन्मतारखा लिहिल्या होत्या. बस्. माझी शुगर, बाबांची अँजिओप्लास्टी यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं आणि दोन्ही आजार पहिल्या दिवसापासून पॉलिसीत धरलेले होते. आता एजंट समोर बसला आणि त्याचा पहिला प्रश्न: “मॅडम, घरात शुगर कुणाला?” मग किती वर्षांपासून, गोळी की इन्सुलिन, तीन महिन्यांची सरासरी किती. मग रक्ततपासणी, मग हप्त्यावर लोडिंग, म्हणजे आजारापोटी जादा रक्कम. शुगरशी संबंधित आजारासाठी तीन वर्षं वेटिंग, म्हणजे तोवर त्याचा क्लेम नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल यांसाठी दोन वर्षं वेगळं वेटिंग. आम्हा दोघांचा पाच लाखांचा फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच विमा, वर्षाला अठ्ठावीस हजारांच्या घरात गेला. बाबांचं वय ७४ ऐकल्यावर तो अदबीनं म्हणाला, “बघतो मी, पण आशा धरू नका.” दोन कंपन्यांनी नकार दिला. शरीरं तीच, आजार तेच, महिना तोच. फरक एवढाच की आधी आम्ही काही हजारांच्या गटातले चारजण होतो आणि आता चौघंच होतो.

स्वस्त विमा कसा शोधायचा, हा प्रश्न आपण सतत व्यक्तीला विचारतो. लवकर घे, तुलना कर, अटी वाच, वेबसाइट बघ. मला वाटतं, इथंच आपली गल्लत होते. विमा स्वस्त होतो तो गटामुळे. एकट्या माणसानं कितीही दुकानं पालथी घातली तरी त्याला गट विकत मिळत नाही. तो कुणीतरी उभा करावा लागतो. पगारदारांसाठी हे काम कंपनी करते. अगदी गरिबांसाठी सरकार करतं. मधल्यांसाठी कुणीच करत नाही. महाराष्ट्रानं हे काम, वेगळ्या कारणांसाठी का होईना, पूर्वी दोनदा करून दाखवलेलं आहे आणि तिसऱ्यांदा करायला हवं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी विमा कंपनीची बाजू, कारण ती अगदीच खोटी नाही. कंपनीतले दोन हजार लोक आजारी पडायचे म्हणून नोकरीला लागलेले नसतात. त्यात तरुण असतात, धडधाकट असतात, नेहमी शिंकणारे असतात. सगळेच्या सगळे आत येतात, म्हणून विमा कंपनीला प्रत्येकाची नाडी बघावी लागत नाही. मी एकटी दारात उभी राहते तेव्हा तिला शंका येते: हिला आजच का सुचलं? काहीतरी दुखत असणार. ही शंका सगळ्यांबद्दल घेतली जाते, तिची किंमत हप्त्यात मिसळली जाते, हप्ता वाढतो, धडधाकट माणूस “कशाला एवढे?” म्हणून बाहेर राहतो आणि आत उरलेले खरोखरच जास्त आजारी निघतात. शंका खरी ठरते. हे चाक एकदा फिरायला लागलं की ते एका ग्राहकाच्या शहाणपणानं थांबत नाही.

शिवाय एकेका गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा खर्च. एजंटचं कमिशन, जाहिराती, दिवसातून चार फोन करणारं कॉल सेंटर. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम व्यवस्थापन खर्चावर घालायची मुभा खुद्द विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं दिलेली आहे. त्यांच्या क्लेमचं प्रमाण गेल्या काही वर्षांत साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. म्हणजे शंभरातले साठ-पासष्ट दवाखान्याच्या वाटेनं जातात. सरकारी विमा कंपन्यांचं हेच प्रमाण शंभरीला टेकतं, कधी ओलांडतं. त्याचं एक कारण म्हणजे या सरकारी कंपन्या मोठमोठ्या उद्योगांचे गट घाट्यात विमित करतात. आता तो घाटा कुठून भरून निघत असेल, याचा अंदाज वैयक्तिक पॉलिसीचं नूतनीकरण करणाऱ्यानं आपल्या दरवर्षीच्या नोटिशीकडे बघून बांधावा.

(जाता जाता: आपल्याकडे कुठल्याही आरोग्य विम्याला ‘मेडिक्लेम’ म्हणतात, ते १९८६ साली चार सरकारी कंपन्यांनी आणलेल्या पॉलिसीचं नाव. साबणाला जसं एका कंपनीचं नाव चिकटावं तसं ते चिकटलं. आमच्या शेजारच्या काकू तर दवाखान्यात भरती होण्यालाच ‘मेडिक्लेम करणं’ म्हणतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही.)

नियामकानं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकावी लागते, त्यामुळे निदान तुलना करता येते. २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांचं कमाल वेटिंग चार वर्षांवरून तीनवर आलं, ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी नाही ही भिंत पडली, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरले असतील तर ‘तुम्ही आजार लपवलात’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर भरण्याच्या, अर्जावर तासाभरात उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी आली. हे सगळं चांगलंच आहे. पण भिंत पडली याचा अर्थ दार उघडलं असा होत नाही, हे बाबांच्या दोन नकारांनी मला शिकवलं. वयाच्या कारणानं नाही म्हणता येत नाही, प्रकृतीच्या कारणानं म्हणता येतं. आणि ७४ व्या वर्षी प्रकृती कुणाची कशी असते?

संजीवनीचंही तसंच. खोलीचं भाडं मिळतं ते विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये. पुण्या-मुंबईत बऱ्या रुग्णालयात या भाड्यात स्वतंत्र खोली शोधून दाखवावी. समजा, जनरल वॉर्ड भरलेला आहे म्हणून ८,००० ची खोली घ्यावी लागली. आपण समजतो, वरचे तीन हजार आपले. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा दोन लाखांचा खर्च असेल तर कंपनी त्यातलेही आठात पाच एवढेच धरते. सव्वा लाख. पाऊण लाख आपला. त्यातून वर ५ टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटाही आपलाच. हा हिशेब पॉलिसीत लिहिलेला असतो, पण सलाइन चालू असताना तो वाचायला कुणी चष्मा लावत नाही. मला विचाराल तर पॉलिसी बघताना हप्त्याच्या आधी खोलीच्या भाड्याची अट बघावी. ती नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी परवडते. आणखी एक: गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मुदतीच्या आत मागितली तर जुन्या वर्षांचं श्रेय वेटिंगमध्ये मिळू शकतं. मला हे नोकरी सोडल्यावर कळलं. निरोपाच्या दिवशी मला फुलं दिली, केक कापला, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आता कर. सप्टेंबर २०२५ पर्यंत मी माझ्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी भरत होते. तो रद्द करा असं पत्र जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना लिहिलं होतं, नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून. सत्तेतल्याच ज्येष्ठ मंत्र्यानं लिहिलेलं पत्र म्हणून त्याची चर्चा झाली, आणि वर्षभरानं, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. चांगलं झालं. पण आयकराचं काय? कंपनी माझा हप्ता भरत होती तेव्हा तो तिचा धंद्याचा खर्च होता आणि माझ्या पगारात तो करासाठी धरला जात नव्हता. आज मी तोच हप्ता माझ्या खिशातून भरते, आणि नव्या करप्रणालीत, जी आता आपोआप लागू होते, मला त्याची एक रुपयाची वजावट नाही. २५ हजारांची सवलत फक्त जुनी प्रणाली निवडणाऱ्याला. गंमत पुढे आहे. माझ्या नवऱ्यानं दुकानातल्या पोऱ्याचा विमा काढला तर तो दुकानाचा खर्च धरला जातो. स्वतःचा काढला तर तो घरखर्च. कायद्याच्या डोळ्यांत दुकानदार आजारी पडतो तो हौसेनं.

पगारदारांची दुसरी सोय राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेऊन ती चालते. तिच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण एवढ्या थोड्या पैशांत पूर्ण कुटुंबाला उपचार देणाऱ्या रचना देशात थोड्याच आहेत. माझी मिळकत तेवढीच असेल, मी चार टक्के स्वतः भरायला तयार असेन, तरी मला तिच्यात शिरता येत नाही. कारण मला मालक नाही.

अशांची संख्या नीती आयोगानं ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात सांगितली आहे: देशातले निदान ३० टक्के, सुमारे ४० कोटी. गरिबांच्या योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत, बाजारातला विमा घेण्याइतके सुस्थित नाहीत. त्यांना अहवालात ‘मधले हरवलेले’ अशा अर्थाचं नाव आहे. मला ते पटत नाही. आम्ही हरवलेलो नाही. रिक्षा स्टँडवर आहोत, झेरॉक्सच्या दुकानात आहोत, क्लास घेतो, पोळ्या लाटून देतो, लग्नाचे फोटो काढतो. सगळ्यांना दिसतो.

इथं कुणी म्हणेल, महाराष्ट्रात तर आता सगळ्यांनाच विमा आहे. खरं आहे, कागदावर आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर, दीड लाखाची. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली. शिवाय ७० च्या पुढच्यांना केंद्राचं वय वंदना कार्ड. बाबांचं ते मी काढून आणलं. दोन कंपन्यांनी नाकारलेल्या माणसाला सरकारनं शुगर-बीपी न विचारता अर्ध्या तासात आत घेतलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मग अडचण कुठे? मी आमच्या भागातल्या तीन रुग्णालयांत जाऊन विचारलं. एक योजनेत नव्हतंच. दुसऱ्यात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्याचं, ‘आरोग्यमित्र’ असं लिहिलेलं टेबल होतं, मित्र जेवायला गेला होता. तिसऱ्यात तो भेटला, भला माणूस होता. म्हणाला, “ताई, बेड शिल्लक असेल तर करतोच की. पण योजनेचा रेट आणि इथला रेट यांत जमीनअस्मान आहे, आणि पैसे यायलाही वेळ लागतो.” त्याच्या मागच्या भिंतीवर फुल्यांचं चित्र होतं आणि शेजारी काचेत डीलक्स खोल्यांचं दरपत्रक.

२०२० साली सरकार दीड लाखाच्या संरक्षणासाठी कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता विमा कंपनीला देत होतं. सातशे सत्त्याण्णव. माझे अठ्ठावीस हजार आणि हे आठशे शेजारीशेजारी ठेवून बघावेत. यातला काही फरक संरक्षणाच्या रकमेचा आहे. पण मोठा फरक गटाचा आहे: कोट्यवधी कुटुंबं एकदम आत, एजंट नाही, तपासणी नाही, वेटिंग नाही. आणि उरलेला फरक या टेबलापाशी दिसतो तो: पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचारासाठी योजनेनं ठरवलेले, दर इतके कमी की चांगली रुग्णालयं योजनेकडे पाठ फिरवतात, फिरवत नाहीत ती बेड लपवतात. पांढरं कार्डवाले योजनेत आले ते हक्कदार म्हणून, पण सोबत पुरेसा पैसा आला नाही. मोठं ताट मांडलं, भात त्या मानानं थोडा.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्यांना देता येतं त्यांच्याकडून घ्या. मला फुकट नको. मला वर्षाला आठ-दहा हजार भरून याच योजनेच्या वरच्या पायरीवर बसू द्या. जिथं पॅकेजचे दर रुग्णालयाला परवडतील असे असतील, यादीत माझ्या गावातली बरी रुग्णालयं असतील, आणि ज्यांच्याकडून काही घेतलं जात नाही त्यांनाही तेच दर, तीच यादी लागू असेल. नीती आयोगानंही पैसे भरून स्वेच्छेनं आयुष्मानमध्ये येऊ देण्याचा पर्याय मांडला होता. त्यातल्या ‘स्वेच्छेनं’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे, कारण स्वेच्छा ठेवली की तेच चाक: आजारी तेवढे येणार, हप्ता वाढणार. यायचं तर घोळक्यानं यायला हवं.

घोळका कुठून आणायचा? महाराष्ट्रात हा प्रश्न पडू नये. १९६९ साली इथं माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. तरी त्याला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मिळावं म्हणून मंडळं नेमली. व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक वर्गणी, मंडळात भरतो, मंडळ मालकाची जागा घेतं. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात याच माणसांना आधी एकत्र केलं होतं, कायदा त्यांच्या मागून आला. मंडळांचं पुढे काय काय झालं, गुंडगिरी कुठे शिरली, हा वेगळा विषय आहे. पण ‘मालक नाही तर विमाही नाही’ हे वाक्य या राज्यानं पन्नासएक वर्षांपूर्वीच खोटं ठरवलेलं आहे. आज ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या पोराबद्दल सगळा देश जे नव्यानं शोधतो आहे, ते मस्जिद बंदरच्या गोदामात सापडलं होतं.

दुसरं उदाहरण १९७५ चं, ज्यांना देता येतं त्यांच्याकडून घेण्याचं. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत वि. स. पाग्यांच्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा हवा होता, म्हणून व्यवसाय कर आला. शहरातल्या वकील-डॉक्टरांनी, नोकरदारांनी गावातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी वर्गणी द्यायची, असा तो सरळ व्यवहार होता. कुरकुर झाली असेल, पण भरला लोकांनी. आजही भरतात.

आणि शेजारचं कर्नाटक. २००३ मध्ये तिथं सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ‘यशस्विनी’ सुरू झाली. सभासदानं वर्षाला ६० रुपये भरायचे, मोठमोठ्या शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत मोफत. पहिल्याच वर्षी पंधरा लाखांहून जास्त लोक आले, कारण त्यांना एकेकटं शोधावं लागलं नाही, ते दूध सोसायटीच्या आणि कर्जसोसायटीच्या वहीत आधीपासून होते. २०१८ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विरली, लोकांनी मागणी लावून धरली, २०२२ मध्ये परत आली. ग्रामीण भागातल्या चौघांच्या कुटुंबाला ५०० रुपये. आता सांगा, सहकाराची पंढरी कुठली? साखर कारखाने, दूध संघ, गल्लीगल्लीत पतसंस्था, आणि ही कल्पना सुचली बंगळूरच्या एका हृदयशल्यविशारदाला. आमच्या पतसंस्था दिवाळीला भेट म्हणून डबा देतात. सगळ्या सभासदांचा एकगठ्ठा विमा उतरवायचं काम त्यांतल्या मोजक्याच करतात. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवारासारख्या संस्थांनी भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा आपसातला आरोग्य निधी चालवून दाखवला आहे. म्हणजे जमत नाही असं नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप डावीकडून येतो, आणि माझ्या घरातूनच येतो. माझा भाऊ ससूनला शिकलेला डॉक्टर. तो म्हणतो, विमा वाढवून तुम्ही खासगी रुग्णालयांची दुकानं चालवता. तेच पैसे सरकारी दवाखान्यात घाला. गोव्यात बघ, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, गोवेकर माणूस विम्याचा विचार न करता जातो. थायलंडमध्ये २००२ पासून नोकरदार सोडून उरलेल्या पाऊण देशाला करांच्या पैशातून उपचार मिळतात, हप्ता भरायचा प्रश्नच नाही. त्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही. सरकार आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या दोन टक्केही खर्च करत नाही. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हटलं होतं. पण मला त्याला एकच विचारायचं असतं: गोमेकॉ चांगलं का राहिलं? गोव्यातला शिकलेला, पोचलेला, वर्तमानपत्रात पत्र लिहिणारा माणूसही तिथंच जातो, हे त्याचं एक कारण असणारच. आपल्याकडे या माणसानं सरकारी दवाखाना तीस वर्षांपूर्वी सोडला. त्याला परत आणायचं तर कुठल्या तरी सार्वजनिक रांगेत त्याचं नाव आणि त्याचे पैसे आधी अडकायला हवेत. माझे दहा हजार ज्या योजनेत असतील तिचा मित्र जेवायला गेला तर मी तासभर टेबलापाशी उभी राहीन आणि परत येऊन तक्रार लिहीन. फुकटच्या कार्डावर आपला आवाज आपोआप खाली येतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे.

दराचं मात्र सरकारनंच बघावं लागेल. सर्वोच्च न्यायालयापुढच्या याचिकेत उदाहरण होतं: मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी व्यवस्थेत साधारण १०,००० आणि खासगीत ३०,००० पासून १,४०,००० पर्यंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं केंद्राला दर ठरवायला सांगितलं. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार नर्सिंग होमना दरपत्रक लावावं लागतं. लावलं आहे, काचेत, डीलक्ससकट. ते मी पाहिलंच. चौदापट फरक असलेल्या बाजारात कुठलाही हप्ता फार दिवस स्वस्त राहणार नाही, मग गट कितीही मोठा असो. राज्याच्या योजनेत पाच कोटी माणसं पैसे भरून असतील तर दर ठरवताना तिचा शब्द जड असेल, एवढंच.

तोवर आम्ही काय केलं? पाच लाखांची मूळ पॉलिसी, खोलीच्या भाड्याची अट नसलेली. तिच्यावर पाच लाखांच्या पुढे चालणारा सुपर टॉप-अप, जो मूळ पॉलिसीच्या मानानं बराच स्वस्त पडतो. बाबांना वय वंदना. आईला फुले योजना आणि बँकेत एक वेगळी ठेव, जिच्यावर नवऱ्यानं पेन्सिलीनं ‘आई’ असं लिहिलं आहे. शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं सगळं करायला तुम्हाला दिवस किती लागले?” सव्वा महिना. ते हसले. सव्वा महिना रिक्षा बंद ठेवली तर विमा कशातून भरायचा, असा त्या हसण्याचा अर्थ असावा.

३० जूनला मी व्यवसाय कराचे अडीच हजार भरले. घटनेनं घातलेली तेवढीच कमाल मर्यादा आहे. चलनावर माझं नाव, नोंदणी क्रमांक, व्यवसाय सगळं छापून येतं. मालक नसलेल्यांची यादी कुठून आणायची, असं जे विचारतात त्यांना दाखवायला ते मी जपून ठेवलं आहे. त्याच आठवड्यात विमा कंपनीचा संदेश आला: आपण नव्या वयोगटात प्रवेश केल्याबद्दल सुधारित हप्ता खालीलप्रमाणे.